रील बघून गोळ्या मागायला येणारी पोरं (कोल्हापूर)

औषधवाली (धागाकर्ती)

राजारामपुरीच्या अंगाला माझं मेडिकल आहे. आसपास कॉलेजं, अकरावी-बारावीचे क्लास, मुलींची हॉस्टेलं, त्यामुळं निम्मं गिऱ्हाईक विशीच्या आतलं. पूर्वी ही पोरं गर्दी ओसरेपर्यंत बाहेर घुटमळायची आणि मग "ताई, ते... ते द्या ना" व्हायचं. आता सरळ मोबाईल पुढं करतात, "हे आहे का?" पडद्यावर डॉक्टरची चिठ्ठी नसते, रील असतं नाहीतर जाहिरातीचा स्क्रीनशॉट.

मोबाईलमुळं पिढी बिघडली असे लेख अधूनमधून छापून येतात. बिघडली का नाही ते ठरवणारी मी कोण? पण पोरं काय ऐकून येतात आणि काय न ऐकता येतात, ते काउंटरवर रोज दिसतं.

७२ तासांच्या गोळीचंच बघा, म्हणजे संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची ती. टीव्हीवर तिच्या जाहिराती २००७ च्या सुमाराला सुरू झाल्या. घरातल्या सगळ्यांनी त्या पाहिल्या, बोललं कुणी नाही. आज मुलगा दुकानात येतो, मुलगी पलीकडं गाडीपाशी, तोंडाला स्कार्फ. नाव माहीत, किंमत माहीत, पाकिटाचा रंगसुद्धा माहीत. माहीत काय नसतं? जितकी लवकर घ्याल तितका उपयोग. गर्भ आधीच राहिला असेल तर ती काही करत नाही, म्हणजे ती गर्भपाताची गोळी नव्हे. ती नेहमी घ्यायची नसते. आणि तिनं कुठलाही संसर्ग टळत नाही. परवा एकानं पाकीट खिशात टाकता टाकता विचारलं, "पुढच्या वेळेसाठी एक जादा ठेवू काय?" मी म्हटलं, त्यापेक्षा कंडोम ने. तर चेहरा असा केला, जणू मी त्याला शिवीच दिली. "ताई, आम्ही तसले न्हाई."

हे "तसले" कुठून आलं, याचा मी बराच विचार केला. डिसेंबर २०१७ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना कळवलं, कंडोमच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ याच वेळात दाखवा, लहान मुलं बघतात. ठीक. पण संध्याकाळी सातच्या मालिकेत लग्नाच्या रात्रीचा दिवा विझतो, आयटम साँग लागतं, हिरो 'नाही' म्हणणाऱ्या पोरीच्या मागं गावभर फिरतो आणि शेवटी ती 'हो' म्हणते. ते सगळं उजेडात. काळजी घ्यायची तेवढी गोष्ट रात्री दहानंतर. मोबाईलमध्ये तर रात्रीचे दहा कधी वाजतच नाहीत.

दुसरं गिऱ्हाईक घाबरलेलं. मिसरूड फुटायच्या वयाची पोरं. झोपेत वीर्य जातं म्हणून वजन वाढत नाही, डोळ्याखाली काळं आलंय, अभ्यास होत नाही, असं कुठल्यातरी चॅनेलनं सांगितलेलं असतं आणि त्याच व्हिडिओच्या खाली तेल नाहीतर चूर्ण विकायला असतं. या वयात ते होणं नॉर्मल आहे, त्याला औषध लागत नाही, असं मी सांगते. पोरगं मान हलवतं आणि पलीकडच्या दुकानात जाऊन चूर्ण घेतं!

माझं म्हणणं एवढंच. पडद्यावर गोष्ट 'दोघं एकमेकांकडं बघतात' इथं सुरू होते आणि एकदम 'गोळी' नाहीतर 'बदनामी' इथं संपते. मधलं सगळं कापलेलं. विचारणं, समोरच्यानं नको म्हणणं, ते ऐकून घेणं, काळजी घेणं, डॉक्टरकडं जाणं, यातलं काही दिसत नाही. आणि घरी, शाळेत आपण नेमकं हेच मधलं बोलत नाही.

तुमच्याकडं काय परिस्थिती? सांगा.

---

जुना_पेठकर

लेख चांगला, पण मूळ दुखण्यावर बोट नाही. आमच्या वेळी शिवाजी पेठेत वडीलधाऱ्यांसमोर मान वर करून बोलायची प्राज्ञा नव्हती. बहिणीच्या वयाच्या मुलीला मेडिकलबाहेर उभं करून गोळी आणणं दूरच. दहावी होईपर्यंत हातात मोबाईल द्यायचा नाही. विषय संपला.

---

फुलेवाडी_थांबा

काका, नमस्कार. तुमच्या वेळचं मला थोडं आठवतंय, कारण मीही पन्नाशीला आलोय. टॉकीजला मॉर्निंग शो कुणासाठी लागायचे? एसटी स्टँडबाहेर पिवळ्या कागदातली पुस्तकं कोण विकत घ्यायचं? एक पुस्तक अख्ख्या वर्गात फिरून परत यायचं तेव्हा त्याला कव्हर उरलेलं नसायचं. रेल्वेनं मिरजेला जाताना भिंतीवर काय रंगवलेलं असायचं, ते इथं लिहीत नाही.

आणि एक गोष्ट तेव्हा उलट होती. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण एसटीवर, दवाखान्यावर, रॉकेलच्या दुकानाच्या भिंतीवर, सगळीकडं. निरोध, म्हणजे कंडोम, १९६८ साली सरकारनंच बाजारात आणलं आणि जाहिरात रेडिओवर भर दुपारी लागायची. म्हणजे त्या काळचं सरकार या बाबतीत आजच्यापेक्षा धीट होतं म्हणायचं.

फरक आहे तो असा, की आपल्याला ते शोधत जावं लागायचं, ओळखीचं कोण बघत नाही ना हे बघून. आता ते पोराला शोधत येतं. क्रिकेटचा एक व्हिडिओ बघितला की चौथा कसला येईल त्याचा नेम नाही.

---

जुना_पेठकर

मॉर्निंग शोचं मला विचारू नका. मी तालमीत असायचो.

---

लांगकारस

तालमीचा विषय निघालाच हाय तर बोलतो. मी अजून सकाळी तालमीत जातो, लाल मातीत. धाकटी पोरं सोळा-सतराची. आमच्या वस्तादांचं एकच, लंगोट सांभाळ, खुराक खा, लवकर झोप. त्यात काय खरं, काय खोटं, ते बाजूला ठेवा, पण त्यात कुणी काय विकत नव्हतं. आता तेच बोलणं रीलवाल्यांनी उचललंय. "वीर्य जपा, चेहऱ्यावर तेज येईल, नव्वद दिवसात माणूस बदलतो." मागं तलवारीचा आवाज, नाहीतर छातीचा फोटो. आणि खाली लिंक. लिंकवर काय? पावडर, कॅप्सूल, 'टेस्टो बूस्टर'.

पोरगं एकदा जरी चुकलं की त्याला वाटतं सगळं गेलं. परवा एक पठ्ठ्या आखाड्यात उतरंना. का रं? तर म्हणं आज ताकद न्हाई, काल रात्री झोपेत झालं. अरं, काल दुपारी तू दोन पैलवान चितपट केल्यास की!

पुढचं वंगाळ हाय. जिममधनं टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी हार्मोनच्या सुया यायला लागल्यात. डॉक्टर न्हाई, काय न्हाई. रीलवरचा माणूस म्हणतो सायकल मार, म्हणजे सुयांचा कोर्स. औषधवाल्या ताई, ह्याच्यावर बोला. लई पोरं वाया चाललीत.

---

पाचगावची_डॉक्टर

स्त्रीरोग हा माझा विषय, तरी लांगकारस यांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्या पोरांची लग्नं झाली की ती जोडप्यानं माझ्याकडेच येतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो वृषणांना काम थांबवायचा निरोप देतो. वृषण आक्रसतात, शुक्रजंतू कमी होतात, कधी जवळजवळ शून्यावर येतात. पुरुषपणासाठी घेतलेलं इंजेक्शन बापपण घालवतं. थांबवल्यावर बहुतेकांचं सुधारतं, पण महिने लागतात, आणि वाढीच्या वयात घेतलं तर उंचीही खुंटू शकते.

झोपेत वीर्य जाण्याची भीती जुनीच आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली तिचं 'धात सिंड्रोम' असं वर्णन केलं. वीर्य गेल्यानं अशक्तपणा येतो या समजुतीतूनच थकवा, चिंता, उदासी येते. रुग्णाला त्रास खरा असतो, कारण खोटं असतं. म्हणून त्याला हसू नका.

आता मूळ विषयाकडे. प्रसारमाध्यमं आणि मुलांचं वागणं यावर अमेरिकेत बराच अभ्यास झालाय. २००४ सालच्या एका अभ्यासात १२ ते १७ वयाच्या १,७९२ मुलांना वर्षाच्या अंतरानं दोनदा विचारलं. ज्यांच्या बघण्यात टीव्हीवरचा लैंगिक आशय जास्त होता, त्यांनी पुढच्या वर्षभरात संबंध सुरू करण्याचं प्रमाण जास्त निघालं. प्रत्यक्ष दृश्य आणि नुसती त्याबद्दलची बडबड, दोन्हींचा परिणाम साधारण सारखाच. लगेच "बघा, टीव्हीच जबाबदार" म्हणू नका. ज्यांच्या डोक्यात विषय आधीच आहे ती मुलं तसलं जास्त बघतात, हेही असतं. शिवाय ती अमेरिका, कोल्हापूर नव्हे.

त्याच गटातल्या संशोधकांचा दुसरा अभ्यास मला जास्त कामाचा वाटतो. तिथल्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेत कंडोम वापरूनही दिवस गेल्याचं कथानक होतं आणि कंडोम किती खात्रीचा याचा आकडा संवादात होता. ज्या मुलांनी तो भाग मोठ्या माणसाबरोबर पाहिला किंवा त्यावर मोठ्यांशी बोलली, त्यांच्या डोक्यात माहिती जास्त नीट बसली. मालिका तीच. शेजारी कोण बसलं होतं, यानं फरक पडला.

आपल्याकडचा आकडा एकच देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या साधारण २२ टक्के स्त्रिया आणि ३१ टक्के पुरुषांनाच एचआयव्हीबद्दल पुरेशी माहिती होती. एड्सची खूण असलेलं रेड रिबन घराघरात पोचलं, माहिती नाही पोचली.

माझ्या ओपीडीत पडदा कसा दिसतो? मुली विचारतात, "मॅडम, मी तिथं सावळी का आहे?" तिथली कातडी इतर अंगापेक्षा गडदच असते, सगळ्यांचीच. त्या गोरं करणारं क्रीम आणि सुगंधी वॉश घेऊन येतात, त्यानंच जळजळ झालेली असते. योनीमार्ग स्वतःचा स्वतः स्वच्छ राहतो, आत काही घालून धुवायचं नसतं. मुलगे विचारतात आकाराचं आणि वेळेचं. पॉर्न हे संकलन केलेलं, पैसे देऊन करवून घेतलेलं काम आहे. त्यात कुणी कुणाला काही विचारत नाही आणि दुखलं म्हणून थांबत नाही. त्यावरून स्वतःला मोजणं म्हणजे सिनेमातली मारामारी बघून हाडवैद्याकडं जाणं.

---

औषधवाली

डॉक्टर, ते सुगंधी वॉश मी काउंटरवर पुढं ठेवत नाही. कंपनीचा माणूस दर खेपेला "मॅडम, डिस्प्ले द्या" म्हणून गळ घालतो. मागितलं तर देते.

आणखी एक, तुम्हीच सांगितलेलं बरं. नवरात्र आलं की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांना दुकानात रीघ लागते. पूर्वी आया यायच्या. आता चौदा-पंधरा वर्षांच्या मुली स्वतः येतात, "रीलमध्ये दाखवलंय, तीन दिवस आधी सुरू करायची." अंबाबाईचं दर्शन, दांडिया, सहल, कारण काहीही.

---

पाचगावची_डॉक्टर

ते हार्मोन आहे. एखाद्या वेळी, तपासून, डॉक्टरनं लिहून दिलं तर हरकत नाही. पण रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, यकृताचा त्रास, अर्धशिशी हे विचारल्याशिवाय मी कुणालाही देत नाही. रील हे विचारत नाही. देवीला पाळी चालत नाही असं देवीनं कुणाला सांगितलं, हा वेगळा धागा काढा, मी येते.

---

खडू_डस्टर

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. शाळेचं नाव सांगत नाही. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये प्रजनन आहे, 'सामाजिक आरोग्य' नावाचं प्रकरणही आहे. छापलेलं सगळं आहे. पण अनेक वर्गांत आकृतीला नावं द्या, पाच मार्कांचं येतं, बाकीचं घरी वाचा, असंच चालतं. मुख्याध्यापकांना पालकांची भीती, पालकांना शेजाऱ्यांची.

२००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतला किशोरशिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता. संस्कृतीला धोका म्हणून. तेव्हा दहावीत असलेली मुलं आज आईबाप आहेत. त्यांना कुणी सांगितलं नाही, आता ती सांगत नाहीत. लैंगिक शिक्षण दिलं की मुलं लवकर सुरुवात करतात, ही भीतीही तपासून झालीय. युनेस्कोनं २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात तसं काही निघालं नाही.

मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. वर्षातून एकदा पॅडवाल्या कंपनीची ताई येते. सातवी-आठवीच्या मुली हॉलमध्ये, दारं बंद, हातात फुकटचं पाकीट. मुलगे मैदानावर, कबड्डी. अर्ध्या तासानं मुली बाहेर येतात, पाकिटं दप्तरात लपवतात आणि मुलगे खिडकीतून जे काही ऐकलं त्याचं दुसऱ्या दिवशी चिडवणं करतात. शरीराबद्दल शाळेत अधिकृतपणे जे काही ऐकायला मिळालं ते एका कंपनीकडून, तेही फक्त मुलींना. मुलग्यांना शिकवायला मग उरतं कोण? फोन.

गेल्या वर्षी मी वर्गात खोका ठेवला. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, मुलामुलींची एकत्र. वरून थोडा विरोध झाला, पण खोका राहिला. चिठ्ठ्यांबद्दल नंतर लिहितो, तास आहे.

---

[संपादक: प्रतिसाद जाहिरात असल्याने काढून टाकला आहे.]

---

फुलेवाडी_थांबा

काढायच्या आत वाचला. "२१ दिवसांत शर्तिया गुण, पत्ता गुप्त ठेवला जाईल." धाग्यावरच गिऱ्हाईक शोधायला आले, धन्य आहे.

---

कोर्ट_फी_स्टॅम्प

बरं झालं आले, विषय निघाला. अशी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे आणि आजचा नव्हे. १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. लैंगिक ताकद वाढवणं, पाळीच्या तक्रारी दुरुस्त करणं, गर्भपात, गुप्तरोग यांवर औषध म्हणून जाहिरात करायला त्यात मनाई आहे. कायदा भिंतीच्या आणि छापील जाहिरातीच्या जमान्यातला, पण रीलमधलं चूर्ण त्यातून सुटत नाही. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. लोक करत नाहीत, कारण तक्रार करायला आपण ते चूर्ण घेतलं होतं हे सांगावं लागतं.

मुलांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी, मालिकांत कधीच न दिसणाऱ्या. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२: १८ च्या आत संमतीला कायद्यात किंमत नाही. दोघं सतरा वर्षांची, दोघांची राजीखुशी, तरी कायद्याच्या नजरेत गुन्हा. हे योग्य की अयोग्य यावर न्यायालयांतही बरंच बोललं गेलंय, पण आज कायदा असा आहे आणि मुलग्यांना हे माहीत नसतं.

दुसरं, फोटो. १८ खालच्या कुणाचाही तसला फोटो, अगदी स्वतःच्या मैत्रिणीनं आपणहून पाठवलेला, पुढं पाठवला की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब आणि पॉक्सो दोन्ही लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालानंतर असलं साहित्य फोनमध्ये नुसतं साठवून ठेवणंही अंगाशी येऊ शकतं. कुणी असल्या फोटोवरून पैसे मागत असेल तर द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. मूल एकटं असेल तर १०९८, मुलांची हेल्पलाइन.

---

एफवाय_बीएस्सी

वय १९, विद्यापीठ परिसरातच राहतो. तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून आलो.

औषधवाली काकू, स्कार्फचं तुम्ही लिहिलंत. ती मुलगी स्कार्फ का बांधते? तुमच्या शेजारच्या किराणावाल्याची बायको तिच्या आईच्या भिशीत असते. आमच्यातले कितीतरी जण असल्या गोष्टीसाठी कागलला नाहीतर इचलकरंजीला जातात. ऑनलाइन मागवावं तर पार्सल घरी आई फोडते. मोबाईल वाईट, पण मोबाईल भिशीत बोलत नाही.

आणि सगळं मीडियावर ढकलू नका. मला कंडोम कसा वापरायचा, तपासणी म्हणजे काय, गे असणं हा आजार नाही, हे सगळं एका डॉक्टरच्या व्हिडिओतून कळलं. घरातून नाही, शाळेतून नाही. पाळीत पोट दुखतं तेव्हा बहिणीला गरम पाण्याची पिशवी द्यायची, हे मला एका रीलनं शिकवलं. पप्पा अजून पॅडची जाहिरात लागली की पाणी प्यायला उठतात. आमच्या घरी सगळ्यात जास्त पाणी पिणारा माणूस तोच.

वाईट व्हिडिओ आहेतच. पण चांगल्याचं पण नाव घ्या ना.

---

औषधवाली

बाळा, मुद्दा पटला. माझ्या दुकानात नाव विचारत नाही, बिलावर नाव लागत नाही, पिशवी काळी देत नाही. काळी पिशवी म्हणजे सगळ्या रस्त्याला सांगणं.

फक्त एक. डॉक्टरचा व्हिडिओ आणि कोट घातलेल्या माणसाचा व्हिडिओ यातला फरक तुला कळतो. तेरा वर्षांच्या पोराला कळतो का? माझी साधी खूण, खाली काही विकायला आहे का बघ. असेल तर तो डॉक्टर असला तरी त्या क्षणी दुकानदारच. मी दुकानदार आहे, मला कळतं.

---

जुनी_मासिकं

उशिरा आलो. जुना_पेठकर यांच्या "आमच्या वेळी असलं नव्हतं" याला जोडून. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ ला निघालं आणि १९५३ पर्यंत, म्हणजे कर्वे जाईपर्यंत चाललं. तेही माध्यमच. त्याआधी १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, प्राध्यापकी त्या पायी गेली.

त्या मासिकाचा जीव होता वाचकांच्या पत्रांत. लोक विचारायचे आणि कर्वे उत्तर द्यायचे, सरळ, विज्ञानाच्या भाषेत, चिडलेच तर तेही न लपवता. अश्लीलतेचा खटला त्यावरूनच झाला, १९३४ साली. त्यांच्या बाजूनं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. खडू_डस्टर यांचा खोका वाचून तेच आठवलं. शंभर वर्षं होत आली, प्रश्न विचारायची सोय अजून आपली आपणच करावी लागते.

---

जुना_पेठकर

कर्वे माहीत आहेत हो. आमच्या आजोबांकडे अंक होते, माळ्यावर. आम्हाला हात लावू देत नव्हते, म्हणून वाचले.

मोबाईलबद्दलचं माझं मत तेच आहे.

---

कळंब्याची_आई

मुलगी तेरा, मुलगा सोळा. मला व्यवहारातलं सांगायचंय. समोरासमोर बसवून "आता आपण एका महत्त्वाच्या विषयावर बोलू" म्हटलं की दोघं उठून जातात. गाडीवर मागं बसलेलं असताना बोलतात. चेहरा दिसत नाही, म्हणून असेल. रंकाळ्याला चक्कर मारताना मुलग्यानं विचारलं, "आई, मुलगी गप्प बसली म्हणजे हो ना?" सिनेमात तसंच असतं की. मी म्हटलं, गप्प म्हणजे गप्प. हो म्हणजे हो. पुढं सिग्नल लागला आणि दोघं गप्प झालो, पण सांगून झालं होतं.

मालिका आम्ही एकत्र बघतो आणि मी मधे मधे टोकते. मुलगी वैतागते. "आई, बघू दे ना गप." टोकणं चालू आहे.

एक विचारायचं होतं. कुठं शंका असेल, म्हणजे मुलाला आईसमोर बोलायचं नसेल, तर पाठवायचं कुठं? खाजगी दवाखान्यात ओळखीचं कोणीतरी भेटतंच.

---

पाचगावची_डॉक्टर

सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलांसाठी किशोरवयीन आरोग्य क्लिनिक असतं, महाराष्ट्रात त्याला 'मैत्री' क्लिनिक म्हणतात. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा तो भाग. समुपदेशक असतात, पैसे लागत नाहीत. पाटी कोपऱ्यात असते, केसपेपरच्या खिडकीवर विचारा. मन फार खचलेलं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

आणि एक गोष्ट मुलींच्या पालकांसाठी. दिवस गेले असतील तर कुठूनतरी आणलेल्या गोळ्या घरी देऊ नका. गर्भपिशवीबाहेर गर्भ असेल तर जिवावर बेततं. १८ च्या आतल्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, या भीतीनं लोक उशीर करतात. पण सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलंय, की मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर त्या माहितीत तिचं नाव, ओळख देण्याची सक्ती डॉक्टरवर नाही. हे कुठल्या मालिकेत आलंय का? मी तरी पाहिलं नाही. आलं पाहिजे.

---

लांगकारस

डॉक्टर, सुयांचं तुमी लिवलं ते मी वस्तादांना वाचून दावलं. म्हणाले, असं सांगणारी बाई तालमीत येईल काय? रविवारी मॅट काढतो, खुर्च्या मांडतो.

---

पाचगावची_डॉक्टर

बाई येईल. चहा नको, पोरं सगळी पाहिजेत. माझ्याबरोबर एक पुरुष डॉक्टरही आणते, काही प्रश्न ती मला विचारणार नाहीत.

---

खडू_डस्टर

खोक्याबद्दल लिहितो म्हणालो होतो. अक्षर बदलून, डाव्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या. काही देतो, जशाच्या तशा.

"व्हिडिओतलं सगळ्यांना आवडतं का."

"मुली पण तसले व्हिडिओ बघतात का."

"मला मुली आवडत नाहीत मुलगे आवडतात औषध आहे का."

"एकदा केलं तर एड्स होतो का दोनदा."

"पाळीत खेळाच्या तासाला सुट्टी का मिळत नाही." (ही पीटीच्या सरांना दिली.)

"मामा अंगाला हात लावतो सांगायचं कुणाला." ही चिठ्ठी आल्यावर त्या दिवशीचा तास तिथंच थांबवला, १०९८ फळ्यावर लिहिला, पुढचं जे करायचं ते केलं. इथं जास्त लिहीत नाही.

आणि एक राहिलेली, तिचं उत्तर मला खात्रीनं द्यायचंय म्हणून औषधवाली ताईंना विचारतो: "कंडोम घ्यायला आधार कार्ड लागतं का."

---

औषधवाली

नाही लागत. आधार नाही, चिठ्ठी नाही, लग्नाचा दाखला नाही. पाकिटावरची तारीख बघून घ्यायचा आणि पैशाच्या पाकिटात, गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवायचा नाही, उष्णतेनं खराब होतो. १८ चं कोर्ट_फी_स्टॅम्प यांनी लिहिलंय तेही त्याच तासाला सांगा. आणि सर, ती औषध विचारणारी चिठ्ठी, त्याचं उत्तर दिलंत ना?

---

खडू_डस्टर

दिलं. "आजारच नाही तर औषध कशाचं" असं फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, पण कुणीच पुसलं नाही.